मस्कतचा टोस्टर : दुरुस्तीच्या नोंदी

३० जून २०२४, रविवार

टोस्टर अखेर टेबलावर घेतला. खटका खाली राहत नाही. दाबला की कट्ट करून परत वर.

खरं तर तीन-चार महिने हे असंच चाललंय. आई (माझ्या सासूबाई) खटका अंगठ्याने दाबून धरतात आणि एक स्तोत्र म्हणतात. स्तोत्र संपलं की अंगठा काढायचा. टोस्ट हवा तसा भाजलेला. त्यामुळे टोस्टर बिघडलाय असं घरात कुणाला वाटतच नव्हतं. परवा आईंचा गुडघा धरला, उंडे (पोदेराचे गोल पाव) भाजायचं काम माझ्याकडे आलं आणि मला ते स्तोत्र पाठ नाही हे उघडकीला आलं.

वस्तू : दोन खाचांचा, क्रोमचा चकचकीत पत्रा, दोन्ही टोकांना काळं बेकलाइट. तळाच्या पट्टीवर २४० व्होल्ट, ८०० वॉट. मस्कतच्या काकांनी १९९६ साली सुट्टीवर येताना आणला. मूळचा प्लग तिकडचा, चौकोनी जाड पिनांचा, पोटात फ्यूज असलेला. इथे गोव्यात, फोंड्यातल्या गोल भोकांत तो शिरेना म्हणून कुणीतरी कापून टाकला आणि दोन पिनांचा काळा प्लग बसवला. कुणी, ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. वायरीतली हिरवी-पिवळी, म्हणजे अर्थिंगची, तार मागे दुमडून चिकटपट्टीखाली दडपलेली आहे.

आईंची आणखी एक तक्रार, लिहून ठेवते : "पावसात हात लागला तर झिणझिण्या येतात गो. सुरुवातीला नाय, टोस्ट होत आला की. आणि रोज नाय." यावर आमच्या घरचे वीजतज्ज्ञ, म्हणजे नवरा, टेस्टर घेऊन आले. पत्र्याला लावला, दिवा लागला नाही. निदान : "काही नाही, भास होतो."

पहिली चाचणी सोपी. प्लग लावला, अंगठ्याने खटका धरून ठेवला आणि वरून खाचांत डोकावले. सगळीकडे सारखी लाली. म्हणजे वीज आत पोचते, तापणारी पट्टी अखंड आहे. बिघाड खटका धरून ठेवणाऱ्या भागात. या जातीच्या टोस्टरमध्ये खटका कुठल्या खाचेत अडकत नाही. त्याला एक लोखंडी पत्रा असतो आणि खाली विद्युतचुंबक. वीज असेपर्यंत चुंबक पत्रा धरतो, वेळ संपली की छोटा बोर्ड चुंबकाची वीज तोडतो आणि स्प्रिंग टोस्ट वर फेकते. प्लग काढून खटका दाबला तर चांगल्या टोस्टरचाही राहणार नाही. हे माहीत नसल्याने कित्येक धडधाकट टोस्टर भंगारात गेले असतील.

बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. न बघताच म्हणाला, "बोर्ड गेला. एवढ्या जुन्याचा मिळत नाही. नवा घ्या, बाई." बघू.

२ जुलै, मंगळवार, रात्री

जेवणं आटोपल्यावर उघडला. चार स्क्रूंपैकी तीन मुकाट्याने आले, चौथा गंजून एकजीव झालेला. मशीनच्या तेलाचा थेंब सोडला, भांडी घासून आले, मग निघाला.

तळाचा ट्रे मी दर महिन्याला झाडते, त्यामुळे आत फारसं काही नसेल अशी समजूत होती. निघाला कोंडा. वाटीभर, बारीक, तपकिरी. ब्रेडचा चुरा हा नव्हे. हा पोईचा (इथल्या गव्हाच्या पोकळ पावाचा) कोंडा. पोदेर (पाववाला) पोई भाजताना तिला गव्हाचा कोंडा लावतो, आपण ती चिरून अर्धी-अर्धी खाचेत सोडतो आणि कोंडा झडून आत जातो. स्लाइस ब्रेडसाठी केलेल्या यंत्राला पोई नावाचा प्रकार ठाऊक असायचं कारण नाही. ट्रेमध्ये पडतो तो पडतो, उरलेला खटक्याच्या सळीवरून घरंगळत थेट चुंबकाच्या डोक्यावर.

चुंबकाचं तोंड बोटाच्या पेराएवढं. त्यावर करपलेल्या कोंड्याची खरवड चढली होती, दुधाच्या पातेल्याच्या बुडाला असते तशी. नखाने खरडली तर पापुद्रा सुटला. जाडी पोस्टकार्डाएवढी, जास्त नाही. पण चुंबकाचं प्रकरण असं की फट दुप्पट झाली की ओढ साधारण चौपट घटते. पोस्टकार्डाएवढी फट त्याला पुरे.

स्पिरिटचा बोळा फिरवला, मग साध्या कागदाची पट्टी दोन्ही तोंडांमध्ये धरून ओढली. पट्टी काळी, पुन्हा काळी, तिसऱ्यांदा करडी, पाचव्यांदा स्वच्छ. पॉलिश पेपर इथे मुद्दाम लावला नाही, तोंड सपाट राहणं महत्त्वाचं. बोर्ड नुसता ब्रशने झाडला. त्याच्यावर संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही.

खटका खाली गेला की दोन तांब्याच्या पात्या दाबल्या जाऊन वीज जोडली जाते. त्यांच्या टोकांवर ठिणग्यांचे काळे खड्डे. हलक्या हाताने साफ केले. आधी मीटरचा आकडा नाचत होता, ६८, ८०, परत ६८. आता ६८.६ ओमवर स्थिर. ८०० वॉटला २४० व्होल्टवर ७२ ओम यायला हवेत. पण ते तापलेल्या पट्टीचे. थंड असताना आकडा थोडा कमीच येतो. जुळलं.

खटका वर असताना प्लगच्या दोन्ही पिना आतून पूर्ण तुटतात हेही तपासलं. हे पाहणं जरुरीचं, कारण दोन पिनांचा प्लग उलटसुलट कसाही बसतो. एकच तार तुटत असती तर टोस्टर बंद असतानाही पट्टीत फेज (जिवंत वीज) राहिला असता.

जोडला, दाबला, राहिला. रात्री साडेअकराला शिळ्या उंड्याचा टोस्ट खाल्ला. कसलाही बोर्ड गेलेला नाही.

७ जुलै, रविवार

पाऊस धो धो. पोदेराच्या भोंग्याचा पोंपों आज पावणेआठला आला, तोही ताडपत्रीतून.

काम संपलंच होतं, पण ती दुमडलेली हिरवी तार डोक्यात वळवळत होती. वरच्या बाजारातून तीन तारांची नवी वायर आणि तीन पिनांचा प्लग आणला. हिरवी-पिवळी तार पत्र्याला स्क्रूने, खाली दातेरी वॉशर घालून. मोठ्या (अर्थिंगच्या) पिनेपासून पत्र्यापर्यंत ०.२ ओम. छान.

लावला. खटका राहिला, लाली आली. आईंना म्हटलं, "आता हात लावा खुशाल." त्यांनी लावला नाही. आणि पस्तिसाव्या सेकंदाला टक् झालं आणि घर अंधारात. फ्रिज, पंखे, वायफाय, सगळं.

ईएलसीबी (वीज गळली की घराचा पुरवठा तोडणारा स्विच) पडला होता. वर केला, पुन्हा लावला, पुन्हा पस्तीसेक सेकंद, पुन्हा टक्. लेक म्हणाली, "आधी तरी टोस्ट मिळत होता."

८ जुलै, सोमवार

शांतपणे विचार. फेज आणि न्यूट्रलमधून जाणारा-येणारा प्रवाह सारखा नसेल, फरक ३० मिलीॲम्पियरपर्यंत पोचला, की ईएलसीबी पडतो. म्हणजे वीज तिसऱ्या वाटेने, नव्या अर्थिंगच्या तारेने, निसटते आहे. अर्थिंगमुळे बिघाड झाला असं घरचे म्हणतात. उलट आहे. वीज आधीपासूनच पत्र्यावर येत होती, तिला जायला वाट नव्हती. किंवा वाट आईंमधून होती.

मामेभाऊ वायरमन आहे, त्याचा हाताने फिरवायचा ५०० व्होल्टचा मेगर (वीज कुठे गळते का ते मोजायचं यंत्र) आणला. बोर्डाला इजा नको म्हणून फेज-न्यूट्रलच्या पिना एकत्र बांधल्या, दुसरं टोक पत्र्याला, खटका दाबून धरला, दांडा फिरवला. काटा सहा मेगओम. पावसाळ्यात सहा म्हणजे उत्तम, एकच्या वर असला की मेस्त (मिस्त्री) लोक हो म्हणतात.

म्हणजे मीटर म्हणतो गळती नाही आणि ईएलसीबी म्हणतो आहे.

संशय : ओल.

१० जुलै, बुधवार

टोस्टर खोक्यात घालून आत ६० वॉटचा बल्ब रात्रभर लावून ठेवला. आमच्या डिचोलीच्या दुकानात बाबा पावसाळ्यात रेडिओ असेच वाळवायचे. सकाळी मेगर पन्नासच्या वर. जोडला. चौतीस सेकंद. टक्.

ओल नव्हती. ओल असती तर टोस्टर तापल्यावर सुधारायला हवा होता, बिघडायला नव्हे. हे आठ तारखेलाच सुचायला हरकत नव्हती. दोन दिवस वाया. मध्ये दीड तास लाईटही नव्हती, ती माझ्यामुळे नव्हे हे घरात पटवून द्यावं लागलं.

१४ जुलै, रविवार

मागच्या नोंदी चाळताना ३० जूनचं वाक्य पुन्हा वाचलं. "सुरुवातीला नाय, टोस्ट होत आला की." आईंनी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. मी ते अवतरणचिन्हांत घालून पुढे गेले होते.

दोष गरम झाल्यावरच उगवतो. मेगर मी थंड टोस्टरवर लावत होते.

म्हणून आज असं केलं. ईएलसीबी पडू द्यायचा. पडल्याक्षणी लेकीने प्लग उपसायचा, मी मोठ्या पिनेला आणि न्यूट्रलच्या पिनेला मीटरचे चिमटे लावायचे आणि खटका पुन्हा दाबून धरायचा (वीज जाताच चुंबक सोडतो, त्यामुळे तो वर येतो). हातात भांडी धरायचे जाड मोजे. लेक दुसऱ्या हाताने मोबाइलवर मीटरचं चित्रण करणार.

पहिल्या वेळी चिमटा निसटला. दुसऱ्या वेळी काटा सरळ ८.६ ओमवर जाऊन बसला. एक, दोन, तीन... अकराव्या सेकंदाला आतून बारीक टिक असा आवाज आला आणि काटा सुटला. अनंत.

तो टिक मला ऐकू आला याचाच जास्त आनंद झाला.

थोडं थांबून फेजच्या पिनेवर तसंच. ६० ओम. ८.६ आणि ६०, बेरीज ६८.६. म्हणजे तापल्यावर पट्टी पत्र्याला कुठेतरी टेकते, आणि कुठे तेही या आकड्यांनी सांगितलं : न्यूट्रलच्या टोकापासून आठव्या हिश्श्यावर. आत पट्टी गुंडाळलेले अभ्रकाचे तीन तक्ते ओळीने जोडलेले, बाजूचे सतरा-सतरा ओमचे, मधला दोन्ही अंगांनी तापणारा म्हणून चौतीसचा. ८.६ म्हणजे न्यूट्रलकडच्या बाजूच्या तक्त्याच्या बरोबर मध्यावर.

पुढचं गणित करायला नको होतं, पण केलं. न्यूट्रलपासून आठवा हिस्सा म्हणजे पत्र्यावर साधारण २९ व्होल्ट. ओल्या हाताला झिणझिण्या. टेस्टरमधला निऑन साठ-सत्तर व्होल्टांखाली पेटतच नाही, म्हणून "भास". आता तोच दोन पिनांचा प्लग उलटा बसवा. आठवा हिस्सा फेजच्या बाजूने मोजायचा आणि पत्र्यावर २०० व्होल्ट.

आईंना विचारलं, कधी मोठा बसला होता का? "बसला की. चवथीआधी एकदा. हात असा फेकला गेला. म्हणून तर मी चपला घालून पाटावर उभी राहते."

त्या टोस्टरसमोर पाटावर का उभ्या राहतात हा प्रश्न मला इतक्या दिवसांत एकदाही पडला नव्हता. उंची कमी म्हणून, असं मी धरून चालले होते.

जुना प्लग कात्रीने कापून, पिना वाकवून कचऱ्यात टाकला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. टोस्टरला आणि मला सुट्टी. साबुदाणा.

१९ जुलै, शुक्रवार

तक्ता उघडून पाहिला तो काल रात्रीच. दोष डोळ्यांना दिसतो : अभ्रकाच्या कडेला खाचा असतात, पट्टीचा एकेक वेढा एकेका खाचेत बसतो. मध्यावरच्या दोन खाचांचा तुकडाच उडालाय. दोन वेढे सैल पडून जवळ आलेत. समोरची ब्रेड सरळ धरणारी जाळी (ती पत्र्याला जोडलेली असते) आत दबलीय, आणि दबलेल्या जागी सुरीचा ओरखडा. अर्धा उंडा गरम होऊन फुगतो, अडकतो, मग सुरी. आमच्या घरात हे पाप प्रत्येकाच्या नावावर आहे.

थंड असताना वेढा आणि जाळी यांत पाच मिलिमीटरचं अंतर. मग टेकते कशी? पट्टीचा वेढा तक्त्याच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत बारा सेंटिमीटर, लाल झाल्यावर लांबी शेकडा एक वाढते, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर. पण दोन्ही टोकं धरलेली असली की तेवढी वाढ मध्ये कमान करून बाहेर येते आणि कमानीची उंची भरते सातच्या आसपास. हे मी गणितावर विश्वास न ठेवता पोस्टाच्या पाकिटाची पट्टी दोन पुस्तकांमध्ये धरून पाहिलं. खरंच एवढी फुगते.

तुटकी कड जोडायची कशाने? सोल्डर १८३ अंशांना वितळतं, इथे पट्टी लाल होते. अभ्रकच हवं. नणंद म्हापशाला असते, तिच्याकडे जायचंच होतं, म्हणून अर्धी रजा टाकून शुक्रवारच्या बाजारात. कदंबमधून (गोव्याच्या सरकारी बसमधून) उतरले तेव्हा छत्रीची एक काडी शिल्लक होती. चणेवाले, केळीवाले, चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) माळा ओलांडून एका आडोशाला इस्त्र्या दुरुस्त करणारे म्हातारे बसले होते. त्यांच्याकडे जुन्या इस्त्रीचा अभ्रकाचा पत्रा मिळाला. तीस रुपये. कशाला हवाय विचारलं, सांगितलं. म्हणाले, "पट्टी वाकवू नकोस हां, बाय. म्हातारी झालीय ती. मोडेल."

२१ जुलै, रविवार

मुख्य काम.

पट्टी निक्रोमची, निकेल सुमारे ८० टक्के, बाकी क्रोमियम. अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली अमेरिकेत या मिश्रधातूचं पेटंट मिळालं आणि विजेच्या शेगड्या, इस्त्र्या, टोस्टर टिकाऊ झाले. लाल होऊनही ही जळत नाही, कारण वर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय धरते. पण अनेक वर्षं तापून थंड होऊन आतून भुसभुशीत होते. त्यामुळे म्हाताऱ्यांचं म्हणणं शंभर टक्के.

इस्त्रीच्या अभ्रकातून आगपेटीच्या अर्ध्या आकाराचा तुकडा साध्या कात्रीने कापला. अभ्रक कापताना कडेला पदर सुटतात, पापडाच्या लाट्या चिकटल्यासारखे, ते बोटाने दाबत जायचं. कडेला दोन खाचा, जुन्यांच्याच अंतरावर. मग तुकडा जुन्या तक्त्याच्या मागून, सैल झालेल्या दोन वेढ्यांच्या आतून सरकवायचा. पट्टी उचलायची नाही, तुकडाच तिच्याखालून न्यायचा. श्वास धरून तीन मिनिटं. मध्येच शेजारच्या काकू "काय चाललंय गो?" करत आल्या आणि लेकीने त्यांना सोप्यावरच थोपवलं.

पहिला वेढा खाचेत बसला. दुसरा बसत नव्हता, अर्धा मिलिमीटर कमी पडत होता. ओढण्याचा मोह आवरला, तुकडा बाहेर काढून खाच थोडी खोल केली, पुन्हा सरकवला. बसला. तुकड्याची मोकळी बाजू शेजारच्या चार घट्ट वेढ्यांखाली दडपली, तीच त्याची पकड. गोंद, सिमेंट काही नाही.

जाळीची दबलेली तार नाकाच्या पक्कडीने बाहेर ओढून सरळ केली. आता अंतर अकरा मिलिमीटर.

ओम : ६८.५. मेगर : थंड असताना आठ.

जोडला. पस्तीस सेकंद. चाळीस. साठ. नवरा मीटरबॉक्सपाशी उभा. दोन मिनिटं दहा सेकंदांनी टोस्ट वर आला. लगेच प्लग काढून गरम असतानाच मेगर लावला : वीसच्या वर. असं पाच वेळा. पाच टोस्ट कुणी खायचे यावर वाद.

२२ जुलै, सोमवार

आईंनी चपला घालून, पाटावर उभं राहून दोन उंडे भाजले. मी म्हटलं, आता गरज नाही, अर्थिंग आहे, ईएलसीबी आहे. म्हणाल्या, "असूं दे."

स्वयंपाकघरात नवा नियम, चिठ्ठी चिकटवली : अडकलं तर आधी प्लग काढा, मग लाकडी चिमटा. सुरी नाही.

४ ऑगस्ट, रविवार

दोन आठवडे रोज चालतोय. ईएलसीबी एकदाही पडला नाही. आज तळ उघडून कोंडा झाडला : दोन आठवड्यांत चहाचा चमचाभर. म्हणजे महिन्यातून एकदा नुसता ट्रे पुरणार नाही, टोस्टर उलटा करून ठोकायला हवा आणि चुंबकावर ब्रश फिरवायला हवा. पोई आता तव्यावर भाजावी असा ठराव मी मांडला, तो फेटाळला गेला.

एक तक्रार शिल्लक. आई खटका दाबून सवयीने स्तोत्र सुरू करतात आणि टोस्ट अलीकडेच उडी मारून वर येतो. दोनदा अर्धं राहिलं. घड्याळ लावून बसले : स्तोत्राला दोन मिनिटं पस्तीस, टोस्टरला भाजण्याचं बटण चारवर ठेवलं की दोन मिनिटं दहा. पाचवर दोन चाळीस येतात, पण कडा करपतात. पावणेपाचच्या जरा पुढे नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. उद्या सकाळी उंड्यांवर पाहायचं.